‘लेख विकत घ्या’ ही पाटी पुन्हा पुन्हा येते तेव्हा: विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मानसशास्त्राचे पेपर मिळवताना

लक्षण सगळ्यांचं सारखंच असतं. गाइडने सांगितलेला पेपर गूगलवर सापडतो, सारांश वाचता येतो, आणि पीडीएफवर क्लिक केलं की ‘हा लेख विकत घ्या’ म्हणून 30-40 डॉलरचा आकडा समोर येतो. काल डिपार्टमेंटमध्ये हाच पेपर उघडला होता, आज घरी उघडत नाही. किंवा एका अंकातला उघडतो, पुढच्या अंकातला नाही. मग मैत्रिणीला मेसेज, सिनियरला फोन, आणि शेवटी ‘आपल्या लायब्ररीत काही मिळतच नाही’ असं म्हणून विषय सोडून द्यायचा.

बडोद्यात मानसशास्त्रात एम.ए., पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींना पेपर शोधायला मी बरीच वर्षं मदत करते आहे. अडचण पुन्हा पुन्हा येते याचं कारण माझ्या मते साधं आहे: पाटी एकच आणि तिच्यामागची कारणं पाच-सहा. वेबसाइट कारण सांगत नाही, किंमत तेवढी दाखवते. म्हणून कारण आपणच ओळखायचं, आणि ते क्रमाने ओळखलं तर फार वेळ जात नाही. तोपर्यंत पैसे भरू नका. स्कॉलरशिपचे किंवा आईवडिलांचे तीन-तीन हजार रुपये एका पीडीएफवर घातलेले मला बघवत नाहीत, कारण बहुतेक वेळा तो पेपर फुकट मिळण्यासारखा असतो.

उदाहरणासाठी एकच विषय धरते: परीक्षेची धास्ती. दहावी-बारावीच्या मुलांवर हा विषय घेणारं दर वर्षी कुणी ना कुणी असतंच, आणि त्यात येणाऱ्या अडचणी इतर विषयांतही तशाच येतात.

आधी बघा, पेपर खरंच आहे का

ही तपासणी पूर्वी सगळ्यात शेवटी यायची, आता सगळ्यात आधी. चॅटबॉटने तयार केलेली संदर्भयादी घेऊन येणारे वाढले आहेत. त्या यादीत लेखकाचं नाव खरं असतं, जर्नल खरं असतं, वर्षही पटण्यासारखं असतं, पण तो पेपर कुणी लिहिलेलाच नसतो. मग ग्रंथालयात तो येणार कुठून? पूर्ण शीर्षक अवतरणचिन्हांत घालून गूगल स्कॉलरवर टाका. डीओआय क्रमांक, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, दिलेला असेल तर तो ‘डीओआय डॉट ऑर्ग’वर चिकटवा. क्रमांक खरा असेल तर थेट लेखाच्या पानावर जाता येतं. भलताच लेख उघडला किंवा काहीच उघडलं नाही, तर तो संदर्भ जिथून घेतला तिथे परत जा. जुन्या पेपरांचा डीओआय बऱ्याचदा संदर्भयादीत लिहिलेलाच नसतो. तिथे जर्नलच्या साइटवर खंड आणि अंक उघडून पान क्रमांक जुळतो का ते बघायचं.

पेपर खरा असला तरी जर्नलच्या नावात घोटाळा होतो. ‘सायकॉलॉजिकल’ने सुरू होणारीच किती: रिव्ह्यू, बुलेटिन, रिपोर्ट्स, रिसर्च, स्टडीज. पहिली दोन अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची, म्हणजे एपीएची. रिपोर्ट्स सेज या प्रकाशकाकडे आहे, रिसर्च स्प्रिंगर या प्रकाशकाकडे. स्टडीज हे आपल्या नॅशनल अ‍ॅकॅडमी ऑफ सायकॉलॉजीचं, तेही स्प्रिंगरतर्फे निघतं. संदर्भयादीत नाव ‘सायकॉल. रेप.’ असं तोडून लिहिलेलं असतं आणि विद्यार्थी रिव्ह्यूचे अंक चाळत बसतो. परीक्षेच्या धास्तीत मनातली काळजी आणि शरीराला जाणवणारी घालमेल हे दोन घटक वेगळे करून दाखवणारा लीबर्ट आणि मॉरिस यांचा 1967 चा पेपर याच रिपोर्ट्समध्ये आहे. हे जर्नल आधी अमन्स सायंटिफिक काढत असे, सेजकडे ते नंतर आलं. त्यामुळे जुन्या प्रबंधांमध्ये दिलेली लिंक चालत नाही, म्हणून पेपरच गेला असं समजू नका. जर्नलचं नाव, खंड आणि पान घेऊन नव्या घरी शोधा.

प्रकाशकाला तुम्ही विद्यापीठाचे आहात हे कळलं आहे का

निम्म्याहून जास्त तक्रारी माझ्या अनुभवात इथेच मिटतात, म्हणून इथे जरा थांबते.

विद्यापीठाकडे त्या जर्नलचा हक्क आहे हे प्रकाशकाला ठाऊक असतं. पण आत्ता क्लिक करणारी व्यक्ती त्या विद्यापीठाची आहे हे त्याला मुख्यतः दोन तऱ्हांनी कळतं: एक तर इंटरनेट विद्यापीठाचं असेल तर त्याच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे त्या जोडणीच्या क्रमांकावरून, नाहीतर संस्थेमार्फत केलेल्या लॉगिनवरून. तुमचं आयकार्ड, तुमचा ईमेल, तुम्ही बसलेली जागा यांतलं काहीही त्याला दिसत नाही.

जागेबद्दल मुद्दाम लिहिलं. प्रतापगंजात आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयाच्या वाचनकक्षात बसायचं आणि लॅपटॉप स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवायचा, असं करणारे बरेच असतात. तुम्ही ग्रंथालयात असता, पण तुमचा आयपी पत्ता मोबाइल कंपनीचा असतो, आणि प्रकाशकाच्या लेखी तुम्ही रस्त्यावरचे वाटसरू. कॅम्पसच्या वाय-फायवर या किंवा ग्रंथालयातल्या संगणकावर बसा. फोनमध्ये किंवा ब्राउझरमध्ये व्हीपीएन (आपला आयपी पत्ता लपवणारं अ‍ॅप) चालू असेल तर कॅम्पसच्या वाय-फायवर असूनही पत्ता दुसराच दिसतो. तो बंद करून पान पुन्हा उघडा. कित्येकांच्या फोनमध्ये असं अ‍ॅप कधीतरी घातलेलं असतं आणि मागे चालूच राहिलेलं असतं.

घरून काम करताना ग्रंथालयाने दिलेली रिमोट अ‍ॅक्सेसची वाट वापरायची. देशातल्या पुष्कळ विद्यापीठांसाठी ही सोय ‘इन्फेड’ नावाने चालते. ती आपल्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची आहे. लेखाच्या पानावर ‘अ‍ॅक्सेस थ्रू युअर इन्स्टिट्यूशन’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. तिथे संस्थेचं नाव शोधून निवडायचं. काही प्रकाशक आधी फेडरेशन, म्हणजे लॉगिनसाठी एकत्र आलेल्या संस्थांचा गट, विचारतात, तिथे इन्फेड. शहराचं नाव वडोदरा म्हणून टाइप केलं तर यादीत विद्यापीठ दिसणार नाही, कारण विद्यापीठाच्या अधिकृत नावात बडोदा आहे. ‘सयाजीराव’ टाकून बघा. तुमच्या संस्थेची वाट वेगळी असेल तर तिची लिंक ग्रंथालयाच्या पानावर असते, आणि तिचं लॉगिन ग्रंथालयाकडूनच मागून घ्यावं लागतं. प्रवेश घेतला की ते आपोआप मिळतं असं धरून चालू नका.

आता फसवणारी गोष्ट. प्रकाशकाच्या साइटवर ईमेल देऊन खातं उघडता येतं, आणि लॉगिन केलं की वरच्या कोपऱ्यात तुमचं नाव दिसायला लागतं. ते खातं नव्या अंकांच्या सूचना मिळवण्यासाठी आणि आवडते लेख साठवण्यासाठी असतं. विद्यापीठाच्या वर्गणीशी त्याचा संबंध नसतो. बघायचं ते एवढंच, की पानावर विद्यापीठाचं नाव दिसतंय का. नाव दिसत असूनही लेख उघडत नसेल तर पुढच्या मुद्द्यावर जा. नाव दिसत नसेल तर तुम्ही अजून बाहेरच आहात.

सकाळी चालणारं दुपारी बंद पडलं तर बहुधा लॉगिनची मुदत संपलेली असते. खासगी विंडो उघडून नव्याने लॉगिन करा. जुन्या कुकीज कधी कधी आड येतात. आणि पेपर उघडल्यावर अ‍ॅड्रेस बारमधला पत्ता कॉपी करून ठेवू नका. ग्रंथालयामार्फत उघडलेल्या पानाच्या पत्त्यात त्या वेळच्या लॉगिनचे तुकडे असू शकतात, ते उद्या चालणार नाहीत. डीओआयची लिंक ठेवा, किंवा डेटाबेसमध्ये कायमस्वरूपी लिंकचं बटण असतं ते वापरा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणाऱ्या ‘चालत नाहीत’ अशा लिंकांचं मूळ बहुतेक इथेच सापडतं.

हक्क आहे, पण त्या वर्षाचा आहे का

एका अंकातला पेपर उघडतो आणि दुसऱ्यातला नाही, याचं हे कारण. जर्नल ‘लायब्ररीत आहे’ याचा अर्थ त्याची सगळी वर्षं आहेत असा नसतो. एब्स्को किंवा प्रोक्वेस्टसारख्या एकत्रित डेटाबेसमध्ये कित्येक जर्नल्सचे ताजे अंक बारा महिने वगैरे अडवलेले असतात. जेस्टॉरवर उलट जुनं सगळं मिळतं आणि अलीकडची तीन ते पाच वर्षं बऱ्याचदा नसतात. प्रकाशकाच्या साइटवर कधी नव्वदच्या दशकाआधीचे अंक वेगळ्या पॅकेजमध्ये विकलेले असतात.

म्हणून एका दारात अडलं की दुसरं दार बघायचं. परीक्षेच्या धास्तीवरचा हेम्ब्री यांचा 1988 चा पेपर घ्या. 562 अभ्यासांचे निष्कर्ष त्यांनी एकत्र केले आहेत, आणि हा विषय घेणाऱ्याने तो वाचलाच पाहिजे. तो रिव्ह्यू ऑफ एज्युकेशनल रिसर्चमध्ये आहे. सेजवर उघडला नाही तर जेस्टॉरवर बघा. त्याच विषयावर 2018 मध्ये फॉन डर एम्ब्से आणि सहकाऱ्यांनी पुढच्या तीस वर्षांतले 238 अभ्यास घेऊन केलेला आढावा मात्र एल्सेव्हियरच्या जर्नल ऑफ अफेक्टिव्ह डिसऑर्डर्समध्ये आहे. म्हणजे विषय एक, पण एक पेपर शिक्षणशास्त्राच्या कपाटात आणि दुसरा मनोविकारशास्त्राच्या. एकाच ठिकाणी शोधणाऱ्याच्या हाताला एकच लागतो.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेने, म्हणजे सगळ्या संस्थांसाठी सरकारनेच एकत्र वर्गणी भरण्याने, यात खूप फरक पडला आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ती 25 नोव्हेंबर 2024 ला मंजूर केली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक आणि सुमारे 13,000 जर्नल्स असा तिचा आवाका आहे. केंद्र आणि राज्य सरकारांच्या संस्थांना तिचा लाभ मिळतो, म्हणजे आपलं विद्यापीठ तिच्यात बसतं. पण शहरातल्या खासगी, विनाअनुदानित कॉलेजात शिकणाऱ्या मैत्रिणीला त्याच लॉगिनची अपेक्षा धरता येत नाही, आणि मला हे मनापासून खटकतं. एल्सेव्हियर, स्प्रिंगर नेचर, वायली, सेज, टेलर अँड फ्रान्सिस हे मोठे प्रकाशक योजनेत आहेत. पेपर कुणाचा आहे ते बघायचं आणि त्या प्रकाशकाचं नाव योजनेच्या यादीत आहे का ते तपासायचं. एपीएच्या जर्नलचा पेपर अडला तर ही तपासणी आधी करा, मग लॉगिनला दोष द्या.

‘काहीच सापडत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

ही तक्रार वेगळी. इथे पाटीपर्यंत पोचणंच होत नाही. ‘एक्झाम स्ट्रेस इन गुजरात बोर्ड स्टुडंट्स’ असं अख्खं वाक्य टाकलं जातं आणि दोन-चार किरकोळ निकाल येतात. संशोधनात या गोष्टीला रुळलेलं नाव आहे ‘टेस्ट अँग्झायटी’. डेटाबेस तयार करणारे प्रत्येक लेखाला ठरवून दिलेले विषयशब्द लावतात. लेखकाने शीर्षकात काहीही लिहिलेलं असो, तुम्ही ठरलेला शब्द वापरला की तो लेख सापडतो. एपीएच्या सायकइन्फोमध्ये अशी शब्दसूची आहे. सायकइन्फो तुमच्या ग्रंथालयात असेल तर शोध तिथूनच सुरू करा. एक लक्षात ठेवा, सायकइन्फो ही नोंदी आणि सारांशांची सूची आहे, पूर्ण लेखांचं भांडार सायकआर्टिकल्स. सायकइन्फोमध्ये पीडीएफ दिसली नाही म्हणजे पेपर मिळणार नाही असं नाही, तो दुसरीकडून उघडायचा असतो.

सायकइन्फो नसेल तर हिंमत हरायचं कारण नाही. अमेरिकेच्या शिक्षण खात्याचं एरिक सगळ्यांना फुकट आहे, त्याची शब्दसूचीही उघडी आहे, आणि ‘टेस्ट अँग्झायटी’ हा त्यातला विषयशब्द आहे. शाळा, परीक्षा, शिक्षक यांच्याशी जोडलेल्या कुठल्याही विषयाला मी आधी तिथेच पाठवते. नोंदीचा क्रमांक ‘ईजे’ने सुरू होत असेल तर तो जर्नलमधला लेख, ‘ईडी’ असेल तर अहवाल वगैरे. गाइडने पीअर-रिव्ह्यूड, म्हणजे तज्ज्ञांनी तपासलेले, पेपरच मागितले असतील तर तशी चौकट टिचकी मारायला दिलेली आहे. पबमेड वैद्यकीय बाजूचं, तेही फुकट. नैराश्य, झोप, व्यसन, रुग्णाची काळजी घेणाऱ्यांवरचा ताण यांसाठी फार उपयोगी.

शब्द जोडताना एका कल्पनेचे पर्याय ‘ऑर’ने जोडून कंसात घाला, आणि दोन वेगळ्या कल्पना ‘अँड’ने जोडा. दोन शब्द मिळून एक संज्ञा असेल तर अवतरणचिन्हं. शब्दाच्या मुळापाशी तारांकन दिलं की ‘अ‍ॅडोलेसन्स’ आणि ‘अ‍ॅडोलेसंट’ दोन्ही येतात. पण गूगल स्कॉलरला तारांकन कळत नाही, आणि पबमेडमध्ये ते वापरलं की आपोआप विषयशब्द जोडण्याची सोय बंद पडते. तिथे दोन्ही शब्द सरळ लिहिलेले बरे. भारतीय अभ्यास हवे असतील तर शीर्षकात ‘इंडिया’ शोधत बसू नका, आपल्याकडचे कितीतरी लेखक शीर्षकात देशाचं नाव घालत नाहीत. पबमेडमध्ये लेखकाच्या संस्थेच्या खान्यात ‘इंडिया’ टाका. इंडियन जर्नल ऑफ सायकियाट्री आणि इंडियन जर्नल ऑफ सायकॉलॉजिकल मेडिसिन ही दोन्ही मुक्त आहेत, लॉगिनशिवाय उघडतात. ती वगळून केलेला भारतीय आढावा मला तरी अपुरा वाटतो.

आणि पहिल्याच शोधात ‘फक्त फुल टेक्स्ट’वर टिचकी मारायची सवय सोडा. त्याने तुमच्याच ग्रंथालयाकडे दुसऱ्या डेटाबेसमध्ये असलेले पेपरही यादीतून गायब होतात. आधी काय लिहिलं गेलं आहे ते बघायचं, ते मिळवायचं कसं ते नंतर. एक चांगला पेपर हाती लागला की गूगल स्कॉलरवर त्याच्याखालचं ‘साइटेड बाय’ उघडा. हेम्ब्रींपासून सुरुवात केली तर पुढची पस्तीसेक वर्षं तुमच्यासमोर येतात. स्कॉलरच्या सेटिंगमध्ये ‘लायब्ररी लिंक्स’ आहे, तिथे आपलं ग्रंथालय यादीत मिळालं तर जोडून ठेवा.

सगळं करून पेपर अडलाच तर

स्कॉलरवर ‘ऑल व्हर्जन्स’ उघडा. लेखकाने स्वतःच्या विद्यापीठाच्या साइटवर मसुदा ठेवलेला असू शकतो. अनपेवॉल हे ब्राउझरमधलं फुकट साधन कायदेशीर मोफत प्रत असेल तर बाजूला हिरवं कुलूप दाखवतं. मानसशास्त्राचे प्रकाशनपूर्व मसुदे सायआर्काइव्हवर असतात. तेही नसेल तर लेखकाला दोन ओळींचा ईमेल लिहा, पत्ता सारांशाच्या पानावरच असतो. आपला पेपर बडोद्यातल्या कुणीतरी वाचायला मागितला याचा लेखकांना आनंदच होतो.

आणि ग्रंथपालांना विचारा. हे मी शेवटी लिहिलं तरी प्रत्यक्षात लवकर करावं. आपली मुलं काउंटरवर जायला संकोचतात, ‘सर रागावतील’ म्हणतात. निदान या गावात तरी तो संकोच नको. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन यांना अमेरिकेहून बोलावून संस्थानभर ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेड्यापाड्यांत फुकट पाठवल्या जात. वाचकाला हवं ते त्याच्यापर्यंत पोचवायचं, हे इथल्या ग्रंथालयांचं काम शंभर वर्षांपूर्वीच ठरलेलं आहे. मात्र ‘मॅडम, आर्टिकल ओपन होत नाही’ एवढ्यावर कुणीच मदत करू शकत नाही. असं लिहा:

‘नमस्कार मॅडम, मी एम.ए. मानसशास्त्र, दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. हेम्ब्री, 1988, रिव्ह्यू ऑफ एज्युकेशनल रिसर्च, खंड 58, अंक 1, पानं 47 ते 77 हा लेख हवा आहे. घरून रिमोट लॉगिन केलं, पानावर विद्यापीठाचं नाव दिसतं, तरी विकत घेण्याची सूचना येते. जेस्टॉरवरही बघितलं. स्क्रीनशॉट जोडला आहे. दुसऱ्या ग्रंथालयाकडून मागवता येईल का?’

या एका मेसेजमधून ग्रंथपालांना लॉगिन, हक्क आणि वर्ष या तिन्ही गोष्टी कळतात. ग्रंथालय डेलनेटसारख्या ग्रंथालयांच्या जाळ्याचं सभासद असेल तर तिकडून प्रत मागवता येते.

एक अडचण मात्र पेपर मिळाल्यावरही सुटत नाही, आणि तिच्यासाठी मुलं पुन्हा पुन्हा येतात: पेपर मिळाला, पण त्यात प्रश्नावली नाही. स्पीलबर्गर यांची 1980 ची टेस्ट अँग्झायटी इन्व्हेंटरी 20 विधानांची आहे. ती वापरणाऱ्या पेपरांत बहुधा तिचं वर्णन आणि फार तर एखादं नमुन्याचं विधान असतं, कारण प्रश्नावलीचे हक्क वेगळे असतात. ही माइंड गार्डन या कंपनीकडून घ्यावी लागते. म्हणून आणखी पेपर शोधत बसू नका. आधी डिपार्टमेंटच्या प्रयोगशाळेत विचारा, कित्येक चाचण्या मॅन्युअलसकट तिथे कपाटात असतात. नसेल तर ज्यांची वापरायला मोकळीक आहे अशा प्रश्नावल्या गाइडबरोबर बसून बघा. आणि ज्यांच्यावर अभ्यास करायचा ती मुलं गुजराती किंवा मराठी माध्यमाची असतील तर प्रश्नावली वापरायची परवानगी मागणाऱ्या पत्रातच भाषांतराचीही परवानगी मागा. हे पत्र शाळांच्या मुख्याध्यापकांना भेटायला जाण्याआधी पाठवायचं, कारण उत्तर यायला कधी आठवडे लागतात आणि तोवर मुलांच्या परीक्षा सुरू होतात.